नांदेड ते लातूर, हवेतून पस्तीस मिनिटं

एका संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ कळतो. मी नांदेड टाकलं, लातूर टाकलं. उत्तर आलं: सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ पस्तीस मिनिटं. या दोन गावांच्या मध्ये विमान उडतं का, हे त्या संकेतस्थळानं विचारलं नाही. उडत नाही. नांदेडहून दूरदूरच्या शहरांना विमानं जातात, लातूरला जात नाहीत. लातूरच्या धावपट्टीवर कधीमधी कुणा बड्या माणसाचं विमान उतरतं, तो माणूस लग्नाला नाहीतर प्रचाराला जाऊन येतो, आणि पट्टी पुन्हा मोकळी. बाकीच्यांसाठी एसटी आहे. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड, लातूर. साडेतीन तास. तेही गाडी वेळेवर लागली आणि रस्त्याचं काम कुठं निघालेलं नसलं तर.

मला राग आला. तो मला लवकर येतो, आणि आला की मी पत्रक लिहिते. आमची संघटना प्रवाशांची आहे. जादा गाड्या मागणं, बंद केलेल्या फेऱ्या परत सुरू करायला लावणं, स्थानकात प्यायचं पाणी मागणं, असली कामं. पत्रक कसं लिहायचं हे मला तिथल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं शिकवलं. तो म्हणायचा, "मथळा रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे. माणूस थांबला तर खालचं वाचंल. न्हाई थांबला तर मथळा तरी घेऊन जाईल." मी ते मनावर घेतलं. माझे मथळे अंगठ्याएवढ्या अक्षरांत असतात. या वेळचा होता:

नांदेड ते लातूर विमानाने फक्त ३५ मिनिटे!

आणि खाली, बारीक अक्षरांत: असं संकेतस्थळ सांगतं. प्रत्यक्षात या मार्गावर एकही विमान नाही, आणि एसटीच्या ज्या गाड्या आहेत त्याही पुरत नाहीत. दवाखान्यासाठी आणि शिक्षणासाठी रोज ये-जा करणाऱ्यांनी काय हवेत उडायचं? आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

मला ते फार झोंबरं वाटलं होतं. खरंच सांगते, छापखान्यातून गठ्ठा आणताना रिक्षात मी ते चार वेळा वाचलं, आणि चारही वेळा स्वतःवर खूश झाले.

प्रत्येक पत्रकाची एक प्रत मी लातूरला मावशीला पाठवते. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. दोघी जळकोटकडच्या. आईला नायगावला दिलं, मावशीला लातूरला. मावशीचे यजमान, माझे काका, डाळमिलमध्ये तोलारी आहेत, काट्यावर पोती तोलून घेतात. त्यांना मूलबाळ नाही. मी अकरावी-बारावीची दोन वर्षं मावशीकडं राहिले, लातूरच्या क्लासला जाण्यासाठी. डॉक्टर व्हायचं होतं. झाले नाही. निकाल लागल्यावर सगळ्या नातेवाइकांनी मला इतकं ऐकवलं की मी जेवणाच्या पंगतीला बसायचं सोडलं होतं. मावशीनं एक शब्द काढला नाही. पुढं मी संघटनेत गेले तेव्हा तिला कुणीतरी म्हणालं, "तुझी भाची डॉक्टर व्हायला आली अन् कागदं वाटायला लागली की." मावशी म्हणाली, "कागदं वाटायला बी लिहिता यावं लागतं. तुला येतं का?"

ती सातवी शिकलेली. माझं प्रत्येक पत्रक ओळीवर बोट ठेवून वाचायची आणि फोनवर चुका सांगायची. "एवढ्या शिव्या द्यायलीस त्या साहेबाला, पण त्यानं करायचं काय ते लिहिलंच न्हाईस." तिचं बरोबर असायचं. मी कधी कबूल केलं नाही.

मागच्या दीडेक वर्षात ती चुका सांगेनाशी झाली. "वाचलं. लई चांगलं लिहिलंस," एवढंच. मला वाटलं, मी सुधारले.

मग एके दिवशी काकांचा फोन आला की मावशीच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तोही पिकून घट्ट झालेला, आणि ऑपरेशन लवकर करायचं आहे. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. आहे तो एकच कामाचा. म्हणून डॉक्टरांनी बाहेरगावच्या एका मोठ्या सर्जनचं नाव सुचवलं होतं. ते लातूरला महिन्यातून एकदाच येतात, दहाला सुरू करतात आणि दोनला निघून जातात. तो दिवस चुकला तर पुढचा महिना. आणि पुढच्या महिन्यापर्यंत डोळ्यातला दाब वाढला तर काय, हे डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं. काकांनी मला सांगताना वाक्य अर्धंच सोडलं.

मावशीची एकच अट होती. मी तिथं पाहिजे. टेबलावर जाईपर्यंत हात माझ्या हातात पाहिजे. त्याला कारण होतं. माझ्या आजीचा डोळा असाच एका शिबिरातल्या ऑपरेशननंतर गेला. का गेला, कुणी सांगितलं नाही. मावशी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, आजीबरोबर तीच गेली होती. नर्सनं बाहेर बस म्हटल्यावर हात सोडून बाहेर बसली. त्या हात सोडण्याचा आणि डोळा जाण्याचा संबंध नाही हे तिला कळतं. तरीपण.

मी आदल्या दिवशीच जायला हवं होतं. गेले नाही. संध्याकाळी बसस्थानकासमोर आमची सभा होती, मला बोलायचं होतं. सभेच्या मागं ढोल वाजत असतानाच मावशीचा काकांच्या फोनवरून फोन.

"किती वाजता निघतीस?"

"सकाळी आठला."

"मग पावणेनवाला हितं."

"हाव, हाव," मी म्हणाले. ध्वनिक्षेपकावर माझं नाव पुकारत होते. ती काय म्हणाली याचा मी विचारच केला नाही. असं किती वेळा होतं, माणसं आपल्याशी बोलत असतात आणि आपण हाव म्हणतो.

सकाळी आठच्या लातूर गाडीत मला खिडकी मिळाली. लोह्याच्या पुढं गाडी जरा रिकामी झाली. माळाकोळीजवळ काकांचा फोन.

"तुझी मावशी कुठं हाय?"

"म्हणजे? तुमच्याजवळ नाही?"

"मी मिलमधून थेट दवाखान्यात आलो. नऊला ती हितं येणार होती. घरी फोन लावावा तर फोन माझ्याकडं. शेजारच्या बाईला लावला, ती म्हणतीय सकाळी आठलाच रिक्षात बसून गेली. डोळ्याला धड दिसत न्हाई, एकली कुठं गेली असंल?"

काकांना मी कधी घाबरलेलं ऐकलं नव्हतं. शंभर किलोची पोती हलताना बघायची सवय असलेला माणूस, आवाज पातळ झाला होता. मी त्यांना म्हणाले घरी जाऊन बघा. ते निघाले. मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मला बाहेरचं काही दिसलं नाही.

गाडी अहमदपूरच्या स्थानकात शिरत होती तेव्हा अनोळखी नंबर आला.

"नमस्कार मॅडम. लातूर विमानतळाच्या गेटवरून बोलायलाव. वॉचमन. एक इचारू का? तुम्ही कोणत्या विमानात हायत?"

"मी एसटीत आहे."

मग त्यानं फोनपासून तोंड लांब नेऊन कुणाला तरी सांगितलं, "त्या म्हणायल्यात एसटीत हायत." आणि परत मला: "मॅडम, हितं एक मावशी साडेआठपासून बसल्यात. म्हणतात नांदेडचं विमान यायचंय, भाची येणार. मी सांगितलं मावशी, हितं कसलं बी विमान येणार न्हाई आज. तर म्हणतात, तुम्हाला खबर नसंल. तुमचा नंबर पाठ हाय त्यांना. घ्या, बोला."

फोनवर मावशी आली. आवाज एकदम टवटवीत, लग्नघरातल्यासारखा.

"लेट झालं का गं विमान?"

मला तेव्हा सगळं एकदम समजलं. असं वाटलं कुणीतरी चालत्या गाडीतून ढकलून दिलं.

"मावशी, विमान नाही. कधीच नव्हतं. मी अहमदपूरला आहे, एसटीत."

"पण छापलंयस की. फक्त पस्तीस मिनिटं."

"खाली लिहिलंय गं. विमान नाही म्हणून खाली लिहिलंय."

पाठीमागून वारा फोनमध्ये घुसत होता, त्या उघड्या माळावरचा.

"खाली काय हाय मला काय ठाव," ती म्हणाली. "खाली नुस्त्या मुंग्या हायत्या."

दीड वर्ष ती माझ्या पत्रकांचे फक्त मथळे वाचत होती. बाकी सगळ्या मुंग्या. आणि मला दिसायला नको म्हणून "लई चांगलं लिहिलंस". दिवाळीत तिच्या वरणात माझ्या दाताखाली खडा आला होता. डाळमिलवाल्याच्या घरात खडा! मी हसले होते, काकांना टोमणा मारला होता. ती वाढत होती, तिनं फक्त पातेल्यात वाकून बघितलं. मला तेव्हाही दिसलं नाही. डोळे तिचे गेले होते की माझे, असं मी एखाद्या पत्रकात लिहिलं असतं तर म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं काट मारली असती. पण मला अहमदपूरच्या स्थानकात नेमकं तेच वाटलं.

"बोलली का नाहीस?" मी ओरडले. गाडीतली माणसं वळून बघायला लागली.

"बोलून काय करणार होतीस? तुझी सभा, तुझे मोर्चे. तुला लई काम असतं."

लोकांना दवाखान्यात जायला गाडी नाही म्हणून रस्त्यावर बसणारी मी. माझ्या माणसाला दिसत नाही हे मला कळायला एक विमानतळ लागला.

पण रडायला वेळ नव्हता. दहा वाजत आले होते. डोळ्यात बाहुली मोठी व्हायचे थेंब घालायला लागतात, ते तासभर. दोनला सर्जन जाणार. आणि ऐनवेळी आलेल्याला ते शेवटी घेतील की घेणारच नाहीत, कुणाला ठाऊक. मी तिला म्हणाले, काका तुला न्यायला येतील, तू पुढं हो, थेंब घालून घे, मी येतेच.

"न्हाई. तू आल्यावर मी जाईन. मी हितं बसते."

"मावशी, मी तिथं विमानतळावर येत नाही, मी बसस्थानकावर येते!"

"मग मी बसस्थानकावर येते."

"तुला ऑपरेशन करायचंय का नाही?"

"तू हात धरणार म्हणून करायलेय. न्हाईतर मला ह्या मुंग्या बऱ्या. अंधारापरीस मुंग्या बऱ्या, काय?"

वॉचमन बाजूला उभा राहून ऐकत असणार, कारण त्यानं मध्येच सांगितलं, "मावशी, माझ्या आईनं बी केलंय. काय होत न्हाई."

"तू गप रे," मावशी त्याला म्हणाली. "तू तिचा हात धरला होतास का?"

"हाव. धरला होता."

मग ती माझ्याकडं वळली. "किती वाजता येतीस? खरं सांग. छापील नको सांगू."

मी वाहकाकडं बघितलं. तो मघापासून तिकिटाचं यंत्र हातात धरून उभाच होता. "लातूर किती वाजता?" मी विचारलं.

"साडेअकरा. पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं."

"साडेअकरा, मावशी. बसस्थानकातून दवाखाना दहा मिनिटं. पावणेबाराला मी तुझ्याजवळ."

"मला कसं कळावं?"

"मी फोन चालू ठेवते. कुठं आले ते सांगत राहते."

आणि खरंच तसं केलं. मी दुसऱ्या बाजूनं काकांना निरोप दिला, काका रिक्षा घेऊन माळावर पोचले, वॉचमननं तिला हाताला धरून रिक्षात बसवलं, आणि तिथून पुढं काकांच्या फोनवर मी. माझ्या फोनची बॅटरी उतरत होती तर मागच्या बाकावरच्या नर्सिंगच्या पोरीनं स्वतःची पॉवर बँक काढून दिली, न मागता. शिरूर ताजबंद आलं, मी सांगितलं. मावशी म्हणाली, "आमची रिक्षा गंजगोलाईकडनं चालली." चाकूर आलं. ती म्हणाली, "दवाखान्याच्या पायऱ्या चढायलाव." मध्ये दहा मिनिटं रेंज गेली, मी खिडकीतून हात बाहेर काढून फोन उंच धरला. जणू त्यानं काही होणार होतं. आष्टामोडला वाहकच माझ्या खांद्यावरून ओरडला, "मावशी, गाडी टायमात हाय बरं का! फिकीर करू नका!"

"कोण गं तो?"

"वाहक."

"त्याला म्हणावं, तुझ्या तोंडात साखर. पण पुढं बघून गाडी चालव."

"तो चालवत नाही, मावशी. तो तिकीट देतो."

"मग बोलायला काय हरकत न्हाई."

सगळी गाडी हसली. थेंबांच्या पहिल्या फेरीच्या वेळी तिनं श्वास आत ओढला, तो मला ऐकू आला. झोंबलं का, मी विचारलं. "गार लागलं," ती म्हणाली. मग नर्सनं फोन बंद करायला लावला. त्यापुढचं अंतर, दहा-पंधरा किलोमीटर असेल, मी माझ्या आयुष्यात इतकं लांब काही पाहिलेलं नाही. पत्रकात वापरतात ना, "यातनामय प्रवास"? मी तो शब्द कितीदा वापरलाय. फुकट वापरलाय.

स्थानकात गाडी थांबायच्या आत मी उतरले. वाहक मागून ओरडला, धक्का मारणाऱ्या बायकांनी वाट दिली, रिक्षावाल्यानं भाव सांगितला आणि मी हुज्जत घातली नाही, हे माझ्या बाबतीत नवलच. दवाखान्यात एका बाकावर सात-आठ माणसं ओळीनं डोळे मिटून बसलेली, सगळ्यांच्या कपाळावर एकाच डोळ्याच्या वर पट्टीचा तुकडा चिकटवलेला, कोणता डोळा ते चुकू नये म्हणून. मावशी शेवटून दुसरी. हिरवा झगा, डोक्याला टोपी. किती लहान दिसत होती. काका शेजारी उभे, तिची चप्पल हातात धरून.

मी हात धरला. तिनं डोळे उघडले नाहीत. बोटं चाचपली, माझ्या करंगळीवरची भाजल्याची जुनी खूण तिला सापडली.

"किती वाजले?"

"पावणेबाराला सहा कमी."

"बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "त्या पोराला चहा पाजायचा राहिला. फाटकावरच्या."

तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी दारापर्यंत चालले. दारात नर्स म्हणाली, आता सोडा. मी सोडत नव्हते. खरं सांगते, मीच सोडत नव्हते. मावशीनं दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून उलगडली आणि म्हणाली, "बस आता बाहेर. आलीस ना? झालं मग."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी दोन बोटं धरली, तिनं दोन सांगितली. पूर्ण नजर येणार नाही, ते म्हणाले, उशीर झाला होता. पण कामाची येईल. उशीर झाला होता हे ते काकांकडं बघून म्हणाले. बघायला माझ्याकडं हवं होतं.

मी पंधरा दिवस राहिले. दर दोन तासांनी थेंब. आमच्या लोकांचा नांदेडहून फोन, तहसीलवर मोर्चा आहे, पत्रक कोण लिहिणार? मी म्हणाले, दुसरं कुणीतरी लिहा. पलीकडच्यानं विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

पहिले काही दिवस मावशी घराच्या ओट्यावर बसून माझी परीक्षा घ्यायची. म्हणजे स्वतःची. "त्या समोरच्या गच्चीवर कोण हाय? बाई का बाप्या?" मी सांगायचे, बाई. "मग बरोबर दिसायलंय मला." "ते लाल काय हाय, साडी का बादली?" बादली. "हाव, बादलीच वाटली." एकदा मी मुद्दाम खोटं सांगितलं, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीला म्हैस म्हणाले. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "म्हशीला चिमटे लावत्यात व्हय गं, मुडदे?"

बाराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी तांदूळ निवडत होते, ती नुसती बसलेली. तिनं काही विचारलं नाही. बराच वेळ विचारलं नाही. मग उठली, पदर खोचला.

"कुठं निघालीस? बस. काय हवंय?"

"चहा टाकते. तुझे काका आले, त्या पानटपरीपाशी हायत."

मी मान वर केली. गल्ली मोकळी होती. मला कुठं कुणी दिसलं नाही. मी तसं म्हणणारच होते, तेवढ्यात पार टोकाला, पानटपरीच्या वळणावरून, एक सायकल हळूहळू आमच्याकडं वळली. हँडलला डाळीची पिशवी अडकवलेली. आत स्टोव्हचा आवाज सुरू झाला होता.